चौथी फळी

मी एक जुनी विहीर आहे, मित्रांनो. पण माझी कहाणी सांगण्याआधी मला त्या क्लाइव्हचे वागणे सांगू द्या, नाहीतर तेवढेच घशाशी अडकून राहील.

हा क्लाइव्ह म्हणजे आमच्या या जुन्या वस्तीचा राखणदार. तो रोज सकाळी फाटक उघडतो आणि तडक येऊन माझ्या डोक्यावर उभा राहतो. माझ्या तोंडावर सहा फळ्यांचे झाकण आहे, गुडघाभर उंचीच्या दगडी कठड्यावर टेकवलेले. त्यावर बूट रोवून तो चहा पितो. तळाशी उरलेला गाळ फळ्यांवर झटकतो. वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या सुट्टीची गर्दी सुरू व्हायच्या आत, त्याच फळ्यांवर तपकिरी रंगाचा जाड लेप देतो, फटीसुद्धा लिंपून टाकतो. मग उत्तरेच्या डोंगरांकडे निघालेल्या गाड्या आमच्या आवारात वळतात. लोकांचे स्वच्छतागृह शोधून झाले, की हा त्यांना गोळा करून माझ्यापाशी आणतो.

"चढा, चढा वर," म्हणतो. "इथून चर्चचा मनोरा, धान्याचं कोठार, जुनी शाळा, सगळं एका फोटोत येतं. आणि घाबरू नका मंडळी, दीडशे वर्षांत या विहिरीनं कुणाला साधा ओरखडासुद्धा काढलेला नाही."

हे खोटे आहे. ते खोटे आहे हे त्याला ठाऊकच नाही, म्हणून तर मला जास्त राग येतो.

आता तुम्ही म्हणाल, मग तू बोलत का नाहीस? तर मला माझा असा आवाज नाही. वरून कोणी बोलले तर त्याचा शेवटचा शब्द तेवढा मी परत देते, तोही माझे तोंड उघडे असेल तर. क्लाइव्हने फटी लिंपल्या तेव्हापासून मी मुकी झाले. कान मात्र शाबूत आहेत. पावलांच्या वजनावरून मी माणूस ओळखते आणि आवाजावरून फळी ओळखते. शाळा मी पाहिली नाही, ती माझ्यापासून दोनशे पावलांवर होती तरी. पण ऐकण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. आणि गेली चार वर्षे चौथ्या फळीच्या पोटात जे चालले आहे, ते मी रोज ऐकते आहे.

मला गॉटलीब लिंडनरने खणले. जर्मनीहून आलेली ती माणसे, देवभोळी आणि महाहट्टी. या कोरड्या मुलखात त्यांनी अकरा घरे, एक चर्च आणि एक शाळा उभी केली आणि वस्तीला हाइमडाल असे नाव दिले. त्याआधी इथे एक झिरा होता. त्या झिऱ्याचे पाणी पिणारी माणसे वेगळी होती. त्यांची पावले मी कधी ऐकली नाहीत, कारण माझ्यात पहिली कुदळ पडली तोवर त्यांना इथून हुसकून लावलेले होते. क्लाइव्हच्या फलकावर हे नाही. त्याच्या फलकावर गोष्ट गॉटलीबपासूनच सुरू होते.

खणता खणता गॉटलीबचे दोन उन्हाळे गेले. वरचा चुनखडक कुदळीने फुटला, खालच्या पाटीच्या दगडाला सुरुंग लावावे लागले. मग पेनरोझ नावाचा एक कॉर्नवॉलचा खाणकामगार आला. त्याने तळापासून तोंडापर्यंत दगडावर दगड बसवत माझी भिंत चढवली, चुन्याचा एक थेंब न वापरता. नव्वद फूट. शेवटचा दगड बसवून तो बाहेर आला आणि हात झटकत म्हणाला, "लिंडनर, तू मरशील, तुझे बैल मरतील, तुझी नातवंडंसुद्धा मरतील. ही बया काही मरायची नाही."

"देवाचं नाव घे की रे जरा," गॉटलीब म्हणाला.

"घेतो. आधी माझी बिअर आण."

तो थट्टा करत होता, पण त्याचे बोलणे मी विसरले नाही. एखाद्या वस्तूला असे बोल लागले की ते तिला चिकटतात.

माझे पाणी किंचित खारट होते, पण बाराही महिने असायचे. तीन तीन मैलांवरून लोक पिंपे घेऊन यायचे. दुष्काळात आजूबाजूचे तलाव फुटक्या मडक्यासारखे कोरडे पडले, तेव्हाही माझ्या तळाशी पंधरा फूट पाणी होते. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये माझ्यासाठी देवाचे आभार मानले. मला फार अभिमान वाटला. तेव्हा माझ्या तोंडावर जे झाकण होते ते पिंपे फोडून काढलेल्या पातळ फळ्यांचे होते, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. पाणी भरपूर असले की झाकणाकडे कोण बघतो?

गॉटलीबला ऑगुस्टा नावाची मुलगी होती. सहा वर्षांची. एका दुपारी बाप गव्हाची गाडी घेऊन बंदरावरून परतायचा होता. गाडी लांबवर दिसते का ते बघायला ऑगुस्टा झाकणावर चढली. टाचा उंच करून उभी राहिली. फळी करकरली. मी ती करकर ऐकली. तिची आई हुल्डा स्वयंपाकघरात पीठ मळत होती, तिनेही ऐकली. हुल्डा दारात आली, मुलीला बघितले आणि जीव खाऊन किंचाळली, "ऑगुस्टा!"

मूल दचकले. दचकून गर्रकन वळले आणि आईकडे यायला तिने उडी घेण्यासाठी पाय दाबला.

फळी मोडली.

मित्रांनो, मला हात नाहीत. मी तिला धरले नाही. मी एवढेच केले की तिच्या आईची हाक परत दिली. माझ्या तोंडातून तेच नाव वर गेले, "ऑगुस्टा", आणि हुल्डाला ते ऐकू आले. त्यासाठी तिने मला कधी क्षमा केली की नाही, हे मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी गॉटलीब दोराने खाली उतरला आणि तिला घेऊन वर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली आली. दुसरे पाणी होतेच कुठे? पहिला पेला हुल्डाने भरला, सगळ्यांसमोर स्वतः प्यायली, मग बाकीच्यांना दिला. त्यानंतर त्या घरात ऑगुस्टाचे नाव कोणी काढले नाही. थडग्यावर नाव आणि तारखा आहेत, कारण लिहिलेले नाही. क्लाइव्हला ते कळणार तरी कुठून, असे तुम्ही म्हणाल. थांबा, सांगते.

गॉटलीबने नदीकाठचे रेड गमचे एक म्हातारे झाड तोडले आणि त्याच्या सहा फळ्या पाडल्या, चार बोटे जाड. वाळवीचे दात पडतील पण ते लाकूड पडायचे नाही. एकेक फळी सुटी ठेवली, कठड्याच्या दगडात खाच करून बसवली. आणि हुल्डाने त्या दिवसापासून एक रीत घातली. दर शनिवारी संध्याकाळी, स्वयंपाकघराची फरशी घासून झाली की ती चुलीची लोखंडी सळई घेऊन यायची, माझ्यापाशी गुडघे टेकायची आणि स्वयंपाकघराच्या बाजूने सुरुवात करून एकेक फळी ठोकायची. कान फळीला लावून. ठण वाजले तर लाकूड निरोगी. भद वाजले तर त्या फळीवर कोणी पाय ठेवायचा नाही आणि सोमवारच्या आत ती बदलायची. दुसरा नियम तिने तोंडाने कधी सांगितला नाही, पण सगळ्या घराला कळला. विहिरीजवळ ओरडायचे नाही. घराला आग लागली तरी विहिरीजवळ ओरडायचे नाही.

घरात नवी सून आली की तिला आधी सळई मिळायची आणि मग कोठीच्या किल्ल्या. सासूने सुनेला, सुनेने तिच्या सुनेला; देताना कारण कानात सांगायचे, पण मुलीचे नाव घ्यायचे नाही. ठोकून ठोकून सळईचे टोक चपटे झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून या लोकांकडे सगळे वाकड्या नजरेने बघू लागले. वस्तीचे नाव बदलून काहीतरी इंग्रजी ठेवले. सरकारी माणसे येऊन माझ्या पोटात दोर सोडून बंदुका शोधून गेली. निघाले काय, तर एक फुटका डबा आणि कोणाचा तरी बूट. पण त्या शनिवारीही फळ्या ठोकल्या गेल्या. आतून मला ते सहा ठोके ऐकू यायचे तेव्हा वाटायचे, अजून मला कोणीतरी भिऊन आहे. विहिरीला भिणारे माणूस असावे लागते, मित्रांनो. ते नसले की विहीर धोकादायक होते.

शेवटची सून ओटिली. एकसष्ट साली लग्न होऊन आली, तेव्हा एकवीस वर्षांची होती. डावा पाय किंचित ओढत चालायची आणि जीभ अशी, की पाद्रीबाबासुद्धा तिच्या वाटेला जात नसत. तिच्या नवऱ्याने एकदा ट्रॅक्टर मागे घेताना माझी चौथी फळी मधोमध फोडली. रेड गम मिळेना, तेव्हा त्याने यंत्राच्या खोक्याची पाइनची फळी आणून बसवली.

"हे काय कागद लावलाय?" ओटिलीने विचारले.

"तात्पुरती आहे गं. पुढच्या हंगामात बदलतो."

"तुझ्या तात्पुरत्या गोष्टी मला म्हाताऱ्या होऊन बघाव्या लागतात."

पुढचा हंगाम पावसाविना गेला, त्याच्या पुढचाही. मग सरकारी नळ आला, गाळलेले पाणी घरात वाहू लागले. आणि अडुसष्ट साली लिंडनर कुटुंब जमीन विकून शहरात गेले. जायच्या दिवशी ओटिलीने सहाही फळ्या ठोकल्या. पाइनपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. मग सळई चुलीजवळ ठेवली आणि गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर मला कोणी ठोकले नाही.

तीसेक वर्षे माझ्यावरून मेंढ्या गेल्या, कोल्हे गेले. चर्चचे छप्पर बसले. शाळेत पारवे शिंकले तरी मला ऐकू येईल इतकी शांतता होती. मग कुठल्याशा मंडळाने वस्ती विकत घेऊन तिचे जतन करायचे ठरवले, आणि राखणदार म्हणून हा क्लाइव्ह आला. निवृत्त माणूस, जीव लावून काम करणारा, ते मी नाकबूल करत नाही. खिळ्याखिळ्याला त्याने नंबर दिला. कपबशी पुसून कपाटात लावली. माझ्या झाकणाला त्याने नावच ठेवले, "संपूर्ण अस्सल लाकूड". सहाही फळ्यांना एकच रंग फासल्यावर कोणती कोणाची हे कोणाला दिसणार? चुलीची सळई त्याने काचेच्या पेटीत घातली. आणि जागोजागी पाट्या लावल्या, "वस्तूंना हात लावू नये".

चार वर्षांपूर्वी कठड्याच्या दगडांतून मातीची एक नळी वर सरकली. वाळवी. रेड गमला तिने तोंड लावून बघितले आणि सोडून दिले. मग तिला चौथी फळी सापडली.

कुर्र, कुर्र, कुर्र. दिवसरात्र. वाळवी शहाणी असते, वरचा पापुद्रा कधी खात नाही. आतले लाकूड नेते आणि वर रंगाची कातडी तशीच ठेवते. भुसा माझ्या पाण्यावर पिठासारखा पडायचा. आधी चिमूटभर, मग मूठभर. वरून क्लाइव्हचा आवाज यायचा, "चढा मंडळी, चढा." कधी सहा जण चढायचे, कधी नऊ. जाड माणसे पहिल्या फळ्यांवर, मुले पुढे. दर वेळी चौथी फळी खाली झुकायची, पाव बोट, मग अर्धे बोट. मी पाण्याकडे बघायची आणि ऑगुस्टाच्या वेळची करकर आठवायची. एकदा एक बाई तान्हे मूल कडेवर घेऊन बरोबर तिथे उभी राहिली. तिने मुलाला हवेत उंच केले. त्या दिवशी माझ्या भिंतीतला एक दगड सुटून पाण्यात पडला. क्लाइव्ह म्हणाला, "ऐकलंत? जुन्या विहिरी अशाच कुरकुरतात."

आता त्या दुपारचे सांगते.

एक गाडी आली, मागे कॅरॅव्हॅन. तीन जण उतरले. एक जड पावलांचा माणूस. एक उड्या मारत चालणारी मुलगी. आणि तिसरी चाल अशी होती, पाय, पाय, काठी. काठी नवी होती, पण पाय मी ओळखले. डावा जरा ओढलेला. छप्पन्न वर्षांनी ओटिली आली होती. मुलगा वर्नर तिला डोंगर दाखवायला नेत होता, आणि बरोबर त्याची नात टिल्डा होती. सहा वर्षांची, हे मला क्लाइव्हने तिला वय विचारले तेव्हा कळले.

स्वयंपाकघराची खिडकी माझ्यापासून दहा पावलांवर आहे. सगळे ऐकू येत होते.

"आणि ही सळई पाहा," क्लाइव्ह सांगत होता. "टोक कसं चपटं झालंय बघा. घरात शिरलेले साप मारून मारून."

ओटिली खो खो हसली. "साप? माझ्या सासूनं उभ्या जन्मात एक साप मारला, तोही फावड्यानं. सळई घेऊन सापाजवळ जाणारी बाई सून म्हणून टिकली नसती या घरात."

"फलकावर तसंच लिहिलंय, बाई."

"फलक कोणी लिहिला?"

"मी."

"मग बरोबर."

"आई," वर्नर पुटपुटला.

"उघडा ती पेटी," ओटिली म्हणाली. "मला सळई पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे, मग परत ठेवा काचेत."

"तसं नाही करता येत. नियम आहे, वस्तूंना हात लावायचा नाही."

"माझ्या चुलीची सळई आहे ती."

"होती," क्लाइव्ह अगदी नम्रपणे म्हणाला.

"आई, जाऊ दे ना गं. सगळीकडे भांडायलाच पाहिजे का? अजून दोनशे किलोमीटर जायचंय आपल्याला."

त्यांचे हे चालले होते, आणि टिल्डा केव्हाच बाहेर पळाली होती. माझ्या कठड्यावर तिचे पाय वाजले. मग ती फळ्यांवर उड्या मारत निघाली. पहिली, ठप. दुसरी, ठप. तिसरी, ठप.

चौथीवर ती थांबली.

"ओपा!" ती आनंदाने आजोबाला ओरडून म्हणाली. "ही बघ ना, उशीसारखी आहे!" आणि टाचा उचलून ती वरखाली झुलू लागली. माझ्या पाण्यावर भुसा पडू लागला. चिमूट नाही, मूठ नाही, धारच लागली.

"शाब्बास!" क्लाइव्ह दारातून म्हणाला. "तिथंच उभी राहा हं. काय फोटो येईल! लिंडनरांची मुलगी लिंडनरांच्या विहिरीवर."

पाय, पाय, काठी. ओटिली माझ्यापाशी आली. कठड्याला धरून ती फळ्यांच्या टोकांशी वाकली, आणि छप्पन्न वर्षांनी पहिला ठोका पडला. काठीचा होता, पण ठोका होता.

ठण.

"बाई, ठोकू नका, रंग ताजा आहे."

ठण. ती ऐकत होती, त्याचे नव्हे. तिसरी. ठण.

मग चौथी, अगदी टोकाशी, मुलीपासून लांब.

भद.

वर सगळे गप्प झाले असे नाही. क्लाइव्ह बोलतच होता. पण ओटिलीचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. आता ती किंचाळेल, मला वाटले. हुल्डासारखीच किंचाळेल, मूल दचकेल, वळेल, आणि पाय दाबेल. माझे तोंड लिंपलेले होते, तरी ते नाव माझ्या घशात तयार झाले.

ओटिली बोलली ती जेवताना मीठ मागावे अशा आवाजात. "वर्नर. ओरडू नकोस. पळू नकोस. पहिल्या फळीपाशी जा आणि गुपचूप उभा राहा. टिल्डा, सोन्या, आपण मांजर मांजर खेळू या का?"

"आत्ता?"

"आत्ता. झुलणं बंद. मांजर कशी बसते? हळूच. अगदी हळू. अशी. आता पोटावर आडवी हो, डोकं ओपाकडे. हात लांब पसर, पार दुसऱ्या फळीपर्यंत."

"अहो, काय चाललंय काय हे?" क्लाइव्हचे बूट तरातरा आले. "दीडशे वर्षांचं अस्सल लाकूड आहे. हत्ती उभा करा हत्ती! बघा, मीच दाखवतो." आणि त्याने एक बूट कठड्यावर ठेवला.

खाट! ओटिलीची काठी त्याच्या नडगीवर बसली. "पाय खाली घे," ती त्याच हळू आवाजात म्हणाली. त्याने घेतला. 

टिल्डा सरपटू लागली. तिचा एक गुडघा अजून चौथीवर होता. त्याने जोर धरला आणि रंगाची कातडी तडकली. कड्.

"मोठी ओमा," टिल्डा थबकून पणजीला म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "खाली काहीतरी वाजलं."

वर्नरने तोंड उघडले. मला कळले, कारण त्याचा श्वास आत ओढला गेला. एक हाक, एवढेच पुरले असते.

"वाजू दे," ओटिली म्हणाली. "मांजर कशाला भिते? पुढे ये. दूध ठेवलंय ओपानं. तो पाय उचलू नकोस, ओढ नुसता. ओढ. आली तिसरीवर. आली दुसरीवर. आता उचल तिला, वर्नर."

त्याने उचलले. मग तो मोठा माणूस मुलीला छातीशी धरून खाली मातीतच बसला.

"उगाच घाबरवलंत पोरीला," क्लाइव्ह नडगी चोळत म्हणाला. त्याला अजूनही काही कळले नव्हते.

ओटिलीने काठी चौथ्या फळीच्या मधोमध टेकवली आणि तिच्यावर भार दिला. काठी केकमध्ये सुरी जावी तशी आत गेली. फळी दोन तुकडे होऊन कोसळली, वाळवीचे घरटे कोसळले, काठी तिच्या हातून सुटली, आणि किती वर्षांनी माझ्या आत ऊन पडले.

मोजता येण्याइतका वेळ गेला. मग पाण्याचा आवाज वर गेला. धप्प.

क्लाइव्ह कठड्यावर हात टेकून त्या भोकाकडे बघत राहिला. फूटभर रुंद, आणि खाली काळोख. "अस्सल होतं ते," तो म्हणाला. "मी स्वतः दर वर्षी रंग देत होतो. मला कसं कळणार होतं?"

तेव्हा ओटिलीने त्याला ऑगुस्टाचे सांगितले. त्या घरात दीडशे वर्षांत पहिल्यांदा ते नाव उच्चारले गेले, आणि तेही परक्यासमोर. सळई कशासाठी होती ते सांगितले. "आणि ही पाइनची फळी मीच मागे सोडून गेले," ती म्हणाली. "गाडीत बसायची घाई झाली होती मला. आमच्या लोकांनी तोंड शिवून ठेवलं, आणि मी तशीच निघून गेले. माझं माप माझ्या पदरात आहे. तुझं तू घे."

मित्रांनो, जुन्या गोष्टी जपा, जरूर जपा. पण नुसत्या पुसून ठेवू नका. मी अजून नव्वद फूट खोल आहे. वर रंग कितीही छान दिला, फलक कितीही गोड लिहिला, तरी मी तेवढीच खोल राहते, आणि पेनरोझ म्हणाला तसे मला मरण नाही. माझ्यावर चढण्याआधी मला ठोकून बघा. तुमच्या गावात माझ्यासारखी कोणी असेल, आणि असेलच, तर आज संध्याकाळीच जाऊन तिचे झाकण ठोका.

ओटिलीने उरलेल्या दोन फळ्या मुठीने ठोकल्या. ठण, ठण. मग ती त्या भोकाशी वाकून, क्लाइव्हकडे बघत बोलली, आणि तिचा शब्द न् शब्द थेट माझ्या आत उतरला.

"तू वाईट माणूस नाहीस, क्लाइव्ह. पण राखणदार म्हणून तू बिनकामाचा आहेस. आमच्या कपबशा पुसल्यास, आमच्या खिळ्यांना नंबर दिलेस, आणि ज्या एका कामासाठी या घरातली बाई दर शनिवारी गुडघ्यांवर बसायची, ते काचेत कोंडून वर साप लिहिलास. जा. पेटी फोड नाहीतर उघड, पण सळई घेऊन ये. दर शनिवारी इथं गुडघे टेकायचे, एकेक फळी ठोकायची. बोलायचं नाही. कान लाव आणि ऐक."

माझे तोंड आता उघडे होते. सगळा जोर लावून मी ते परत दिले.

"ऐक."